अण्णांच्या डब्याची झोप

माझ्या घरमालकांना कुणाचं तरी म्हणणं खोडून काढल्याशिवाय कॉफी गोड लागत नसे. "आज ऊन फार आहे" म्हटलं तर म्हणणार, "ऊन तेवढंच आहे, तुम्ही एसीत बसून नाजूक झालात." "ऊन कमी आहे" म्हटलं तर म्हणणार, "टोपी घालून हिंडणाऱ्याला कमीच वाटणार." मी नागपूरची. आम्हाला उन्हातलं कुणी शिकवायचं नाही बावा. त्यामुळे खोली बघायला गेले त्या पहिल्याच दिवशी त्यांचं आणि माझं जिन्यात उभ्या उभ्या वाजलं, आणि त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "भाडेकरू मिळाली की पळाली?"

मिळाली. जे. पी. नगरातलं ते दुमजली घर, खाली ते दोघं आणि वर मी. सगळी गल्ली त्यांना अण्णा आणि अक्का म्हणते, म्हणून मीही. त्यांचे पूर्वज बेंगळुरूत कधी आले ते त्यांनाही धड सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की सुरुवातीला मला अर्धंमुर्धंच कळायचं. अक्का "स्वल्प घे गं" म्हणत आणि ताटात भाताचा डोंगर वाढत. संध्याकाळी अण्णांचे तीन जुने मित्र व्हरांड्यात जमत आणि अण्णा त्या तिघांना पुरून उरत. इतकं देखणं भांडणारा माणूस मी पाहिलेला नाही. आवाज चढवणं नाही, कुणाच्या घरच्यांवर जाणं नाही, नुसती कारणं. एका 'नाही'च्या मागे पाच पाच कारणं उभी. ऑफिसातून आले की मी बॅग खांद्यावर तशीच ठेवून जिन्याच्या पायरीवर बसून ऐकायची.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. त्या दिवशी अण्णा घरी आले आणि कुणी काहीही म्हणालं तरी त्यांनी उत्तर दिलं नाही. अक्का मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "गाठ जाईल गं. पण हा माणूस बोलल्याशिवाय जगणार कसा, ते डॉक्टरला कोण विचारणार?"

मी लगेच छाती पुढे काढून म्हटलं, मी बघते. माझा स्वभावच तसला, आधी हो म्हणायचं आणि मग घाम पुसायचा. पण अगदीच हवेत बोलत नव्हते. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत माझं काम हेच, लिनक्सचं कर्नल छोट्या यंत्रांच्या मापाने बेतून द्यायचं. कर्नल म्हणजे यंत्राच्या मुळाशी बसलेला प्रोग्राम, जो बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांना वेळ, मेमरी आणि वीज वाटून देतो. तो तयार मिळतो, फुकट मिळतो, पण तयार कपड्यासारखा सगळ्यांनाच जरा ढगळ होतो. आम्ही शिंपीकाम करतो.

ऑपरेशनच्या आधी अण्णांचा आवाज रेकॉर्ड करायचा असं ठरलं, म्हणजे पुढे अक्षरं टाइप केली की यंत्र त्यांच्याच आवाजात बोलेल. माझ्या खोलीत गाद्या भिंतींना उभ्या करून मी त्यांना माइकसमोर बसवलं आणि वाचायला वाक्यं दिली. पहिलंच वाक्य होतं, 'आमच्या बागेत पांढरी फुलं उमलली आहेत.' अण्णांनी चष्मा वर केला. "कुठली बाग? आमच्याकडे पांढरं फूल एक नाही."

"अण्णा, नुसतं वाचा हो."

"खोटं मी वाचणार नाही."

हात टेकले मी. शेवटी वाक्यं बाजूला ठेवली आणि रोज सकाळी मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायला लागले. म्हटलं, इडलीपेक्षा ब्रेड बरा. म्हटलं, नागपूरच्या मानाने बेंगळुरूची हवा काही खास नाही. बाप्पा, असे पेटायचे! माइकचा काटा नाचायचा आणि मी मान खाली घालून हसू दाबायची. ऑपरेशनला जाईपर्यंत माझ्याकडे मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, सगळ्या भाषांतले 'नाही' जमा झाले होते.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला श्वासापुरतं छिद्र राहिलं आणि आवाज गेला. मी आधी फोनवर त्यांचा आवाज बसवून दिला, पण बारीक अक्षरांवरून बोटं घसरायची, आणि एकदा अण्णा अक्कांना काही गंभीर सांगत असताना मध्येच कर्जाची जाहिरात बोलायला लागली. अण्णांनी फोन उचलला आणि तांदळाच्या पिंपात पुरून ठेवला. मग मी एस. पी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक छोटा बोर्ड, स्पीकर आणि बॅटरी आणली, मोठाल्या मराठी अक्षरांची बटणं लावली, बाजूला नेहमीच्या शब्दांची वेगळी बटणं दिली, 'पाणी', 'नको', 'सरी'. सरी म्हणजे इकडचं 'बरं, ठीक आहे'. अक्कांनी जुन्या इरकल साडीची खांद्याला अडकवायची पिशवी शिवली आणि त्या सगळ्या प्रकाराचं नाव ठेवलं, डबा.

डबा पहिल्यांदा बोलला तेव्हा अक्का हातातलं टाकून स्वयंपाकघरातून धावत आल्या. आवाज हुबेहूब होता. पण सकाळी चार्ज करून दिलेला डबा दुपारच्या जेवणालाच मान टाकायचा, आणि मित्र यायचे संध्याकाळी. ज्या वेळेसाठी आवाज हवा, नेमका त्याच वेळेला नाही! दुपारी पुन्हा चार्ज करावा तर गप्पा रंगात येताच पुन्हा तेच. मोठी बॅटरी लावावी तर त्या गळ्याने खांद्यावर ओझं कोण पेलणार? मी वायर लावूनच बसवून पाहिलं, तर अण्णांनी टाइप केलं, "मी काय टेबल फॅन आहे?"

म्हणजे आता कर्नललाच हात घालायला हवा होता. तयार सिस्टिममध्ये सगळंच सतत जागं असतं. टीव्हीची जोडणी जागी, वायफाय जागं, प्रोसेसर पूर्ण वेगात, काम असो नसो. लग्नघरात सगळ्या खोल्यांचे दिवे पंखे चालू आणि माणसं मात्र सगळी मांडवात, अशातली गत.

शनिवारी सकाळी चहा घेऊन बसले. कर्नल बेतायला घेतलं की निळ्या पडद्यावर प्रश्नांची न संपणारी रांग येते. हे हवं का, ते हवं का. त्यात वीज वाचवण्याचं एक पान असतं. ऑफिसात त्या पानावर मी कितीदा तरी गेले असेन, पण घरच्या माणसासाठी कधी गेले नव्हते. खरं सांगते, माझा जीव आहे त्या पानावर. जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातल्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांनी बसून विचार केलाय की यंत्राला काम नसेल तेव्हा त्याने काय करावं. काम कसं करायचं हे कुणीही लिहील हो. गप्प कसं बसायचं, हे लिहायला अक्कल लागते. दोन कामांच्या मधल्या फटीत प्रोसेसरला डुलकी काढू द्यायची, आणि डुलकी किती खोल, ते पुढचं काम केव्हा येईल याचा अंदाज बांधून ठरवायचं. जे उपकरण कुणी वापरत नाही त्याची वीज हळूच काढून घ्यायची, आणि मागितली की तक्रार न करता परत द्यायची. एका जागी कुणीतरी लिहून ठेवलं होतं की ही चिप जागी व्हायला जरा वेळ घेते, तिच्यावर घाई करू नका. ते वाचून मला त्या अनोळखी माणसाला डबाभर चिवडा पाठवावासा वाटला.

मी नको ते सगळं काढलं. टीव्हीची जोडणी गेली, वायफाय गेलं. प्रोसेसरला सांगितलं, गरज असेल तेव्हाच धाव. आणि शेवटी सगळ्यात खोल झोप चालू केली. काही क्षण कुणी बटण दाबलं नाही की फक्त मेमरीत जीव ठेवायचा आणि बाकी सगळं बंद. पहिल्यांदा डबा झोपला तो झोपलाच. स्पीकर चालवणारा छोटा प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात त्याला, तो उठायलाच तयार नाही. झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात, पण हा खरोखरीचा कुंभकर्ण निघाला. एक अख्खा रविवार त्याच्यामागे घालवला. पण मग जमलं, आणि वीज मोजायच्या मीटरचा आकडा इतका खाली गेला की मला वाटलं वायरच सुटली.

आता डबा दिवसभर पुरून रात्री अंथरुणावर पडेपर्यंत चालायचा, वर निम्मी बॅटरी शिल्लक. मी विजेचा आलेख काढून ऑफिसात सगळ्यांना दाखवला. कॅन्टीनवाल्यालाही दाखवला असता. मोठी आली कर्नलवाली!

गल्लीतही कौतुक झालं. मित्र म्हणाले, अण्णा आता किती शांत झालेत. शेजारची म्हणाली, आजारपणाने माणूस मवाळ होतो. मीही मान डोलावली. काहून नाही डोलावणार, डबा तर ठणठणीत चालत होता.

मग एका रविवारी सकाळी अक्का जिना चढून वर आल्या. हातात इडल्यांची ताटली. ती त्यांनी माझ्या टेबलावर अशी आदळली की एक इडली उडून कीबोर्डवर पडली.

"तुझ्या डब्याने माझ्या नवऱ्याला चांगलं वळण लावलंय."

मला वाटलं कौतुक आहे. म्हटलं, "हो ना अक्का."

"हो ना काय? काल त्याचा मित्र म्हणाला, हे घर विका आणि फ्लॅट घ्या. हा म्हणाला, सरी. परवा मी सांबार खारट केलं आणि विचारलं, बरं झालंय का. हा म्हणाला, सरी. अय्यो, लग्न झाल्यापासून या माणसाने मला एकदा सरी म्हटलेलं नाही! लोक म्हणतात शांत झाला. शांत नाही झाला गं, विझत चाललाय. साकु, पुरे झालं मला हे सरी. माझं भांडखोर माणूस मला परत दे."

त्या संध्याकाळी मी पायरीवर न बसता सरळ मित्रांच्यात खुर्ची टाकून बसले आणि गप्पांकडे न बघता अण्णांच्या बोटांकडे बघत राहिले. एक मित्र काहीतरी खुळचट बोलला. अण्णांचे डोळे चमकले, त्यांनी बटण दाबलं. डबा गाढ झोपलेला. तो उठणार, स्पीकर उठणार, आवाजाचा प्रोग्राम उठणार, आणि तोवर दाबलेली अक्षरं वाऱ्यावर. अण्णांनी पुन्हा सुरुवात केली. तेवढ्यात विषय पुढे गेला होता. ते थांबले, दुसऱ्याचं ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता डबा परत झोपला. असं दोनदा झाल्यावर मित्राने विचारलं, "काय अण्णा, खरं ना?" अण्णांनी बाजूचं बटण दाबलं. सरी. वाद घालायला पूर्ण वाक्य लागतं, आणि हो म्हणायला एक बटण पुरतं.

मला इतका संताप आला स्वतःचा. मीटरने शाबासकी दिली म्हणून मी नाचले होते, आणि मीटर काय व्हरांड्यात बसून गप्पा मारतो का? मित्र गेल्यावर मी अण्णांना जवळजवळ दरडावूनच विचारलं, "मला सांगितलं का नाही तुम्ही?"

त्यांनी डबा उठायची वाट पाहिली आणि सावकाश टाइप केलं, "एवढं केलंस. नावं कशी ठेवू?"

ज्याने आयुष्यभर अख्ख्या जगाला नावं ठेवली, त्याने माझ्या कामाला ठेवली नाहीत. मला रडूच फुटलं. "ठेवा ना अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही नावं ठेवावीत म्हणूनच तर केलाय तो डबा!"

पुढच्या शनिवारी पुन्हा निळा पडदा, या वेळी खाली व्हरांड्यात. खोल झोपेऐवजी उथळ झोप लावता येते, तिच्यातून डबा पापणी लवायच्या आत उठतो. पण ती वीज जास्त खाते. शिवाय उठल्यावर प्रत्येक वेळी स्पीकरपासून सगळं तयार ठेवायचं म्हटलं तर बॅटरी संध्याकाळ बघत नाही. या माणसाला आता बोलायचंय, हे डब्याला बटण दाबायच्या आधीच कळलं तर सगळं जमलं असतं. अण्णा आत दुपारची झोप काढत होते. अक्का माझ्या शेजारी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मी आपली स्वतःशीच कुरकुरले, "हा माणूस बोलणार हे आधी कळणार कसं?"

"मला कळतं की," अक्का म्हणाल्या.

"कसं?"

"बोलायच्या आधी हात आपटतो. खुर्चीच्या हातावर. पूर्वी स्वयंपाकघरात आवाज आला की मी समजायची, आता कुणाचं तरी काही खरं नाही." त्यांनी कोथिंबिरीची एक काडी बाजूला टाकली. "आता नाही आपटत. आपटून काय करणार, मागून आवाज येत नाही."

मी जागच्या जागी उठून उभी राहिले. हालचाल ओळखणारी एक चिमुकली चिप मिळते, वीज जवळपास खातच नाही, आणि कर्नलला सांगता येतं की हिने हाक मारली तर ऊठ. ती सोय त्या पानावर माझ्या डोळ्यांसमोर होती. कुणीतरी ती केव्हाच करून ठेवली होती, अण्णांना न ओळखता. मी एस. पी. रोडला पळाले, चिप आणली, डब्याच्या तळाला बसवली, आणि डबा अण्णांच्या खुर्चीच्या हातावर पट्ट्याने बांधला.

मग रविवारी सुरू झाली अक्कांची ड्यूटी. डब्याने कशाला उठायचं आणि कशाला नाही, हे ठरवायला खरी थाप हवी होती. मी आपटली तर अक्का म्हणाल्या, "ही काय थाप? पोळी थापतेस का?" त्या स्वतः खुर्चीत बसल्या, पाठ ताठ केली, हनुवटी जराशी वर, आणि तळहात खाली आणला. फट्. "ही साधी. आणि ही रागाची." फट्! "आणि ही, समोरचा आपला जावई असेल तर." तिन्ही थापा वेगळ्या, आणि तिन्ही मला पडद्यावर वेगळ्या दिसल्या. मिक्सरच्या थरथरीने डबा उठायला लागला तेव्हा मी चिपची संवेदनशीलता कमी केली, गल्लीतून टँकर गेला तेव्हा आणखी थोडी. अक्का सगळी दुपार न कंटाळता आपटत राहिल्या. ऑफिसात इतका नेमका टेस्टर मला कधी मिळाला नाही. शेवटी शेवटी त्यांचा तळहात लाल झाला होता, तरी म्हणत होत्या, "आणखी एकदा बघ, त्याची यापेक्षा स्वल्प आखूड असते."

ठरलं ते असं. दुपारच्या झोपेत डबाही गाढ झोपणार. खुर्चीवर अण्णा असताना उथळ झोप. थाप पडली की सगळा जागा, आणि बोलणं संपल्यावरही बराच वेळ जागा, समोरचा उलटून बोलेल म्हणून. अण्णांना घाई असते त्या वेळेसाठी अक्कांच्या सांगण्यावरून एक बटण वाढवलं. त्याच्यामागे यंत्राने जुळवलेला आवाज नाही ठेवला, ब्रेडवरून माझ्याशी भांडतानाचा त्यांचा खराखुरा ठेवला. हे सगळं करून बॅटरी रात्रीच्या जेवणापर्यंत जेमतेम पुरणार होती. आलेख दाखवण्यासारखा राहिला नाही. खड्ड्यात गेला आलेख.

संध्याकाळी तिघे मित्र आले. अक्कांनी कॉफी दिली. मी पायरीवर लॅपटॉप उघडून कामाचं सोंग करत होते, पण नजर अण्णांच्या हातावर होती. बँकेतून निवृत्त झालेले जे मित्र आहेत, त्यांनी पेला नाकाशी नेला आणि म्हणाले, "काही म्हणा, चिकोरी घातलेली कॉफी ही कॉफीच नव्हे. शुद्ध फसवणूक आहे." दुसऱ्यांनी मान डोलावली. तिसऱ्यांनी अण्णांकडे पाहिलं आणि संकोचून नजर काढून घेतली.

अण्णांचा हात वर गेला. क्षणभर तिथेच थांबला. मी मनात म्हटलं, आपटा ना अण्णा.

फट्.

"साफ खोटं!"

नवं बटण. तोच आवाज, तीच धार. बँकवाल्यांनी पेला खाली ठेवला. अण्णांची बोटं बटणांवर चालू झाली होती, आणि डबा टक्क जागा होता. "इतकी वर्षं माझ्याकडे चिकोरीचीच पितोस. दुसरा पेला मागून पितोस. फसला होतास का?"

बाकीचे दोघे हसले. बँकवाले आजाऱ्याशी बोलतात तसं मऊ होऊन म्हणाले, "बरं बरं अण्णा, तुमचंच खरं."

फट्! जावयाची थाप. "बरं बरं काय? कारण दे."

"कारण? अहो देतो कारण!" आणि बघता बघता ते मित्र तापले. आधी जपून बोलत होते, मग विसरले. अण्णा टाइप करत असताना मध्येच तोडून बोलायला लागले, तर अण्णांनी थाप मारून त्यांना गप्प केलं. भेसळ, चव, लहानपण, रेशनचे दिवस, कुठून कुठे गेलं ते भांडण! बँकवाल्यांचा आवाज चढला, कानशिलं लाल झाली. "तुमच्याशी बोलणंच नको! पहिल्यापासून हेकट ते हेकटच!" असं ओरडून ते उठले, चपला पायात नीट न सरकवताच निघाले, आणि गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं फाटक आदळून गेले.

मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, अवं माय, काय करून बसले मी, या माणसाचा जुना मित्र तोडला. अण्णांकडे बघायची हिंमत होईना. बघितलं तर ते बँकवाल्यांचा अर्धा राहिलेला पेला पुढे ओढून शांतपणे पीत होते, आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

दारात अक्का उभ्या होत्या, पदर तोंडावर धरून. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी धावत जाऊन त्यांना धरलं, "अक्का, माफ करा हो, मी त्यांना फोन करते, परत बोलावते."

अक्कांनी पदर बाजूला केला. त्या हसत होत्या.

"अगं बोलावू नकोस," त्या म्हणाल्या. "किती महिन्यांनी आमच्या घरून कुणीतरी रागावून गेलंय!"